लढाऊ विमानाचं जेट इंजिन : विकास आणि निर्मिती

जेट इंजिन म्हणजे समोरून हवा ओढून दाबायची, त्यात इंधन जाळायचं आणि तापलेला वायू टर्बाइन म्हणजे पात्यांचं चाक फिरवत मागून जोरात सोडायचा, असं काम करणारं गॅस टर्बाइन इंजिन. लढाऊ विमानात मागच्या पाइपात परत इंधन जाळायची सोय असते, तो आफ्टरबर्नर. खान्देशात बऱ्याच जणांना वाटतं की मिग, सुखोई ही लढाऊ विमानं नाशिकजवळच्या ओझरला बनली म्हणजे इंजिनही तिथलंच, पण तसं नाहीये, ओझरला विमानाची बांधणी झाली आणि इंजिनं आली ओडिशातल्या कोरापुटहून, तीही रशियन परवान्यावर बनलेली. परवान्यावर बनवणं वेगळं आणि स्वतः डिझाइन करणं फार वेगळं.

उगमाबद्दल वाद जुना आहे. फ्रान्सच्या मॅक्सिम गियोमचं पेटंट १९२१ चं, पण त्यावर इंजिन काही बनलं नाही. ब्रिटनच्या फ्रँक व्हिटलने जानेवारी १९३० मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि त्याचं इंजिन १२ एप्रिल १९३७ ला चाललं. जर्मनीच्या हान्स फॉन ओहाइनचं इंजिन कोणी मार्च १९३७ चं धरतात तर कोणी सप्टेंबरचं, म्हणजे मार्च धरला तर ओहाइन पहिला आणि सप्टेंबर धरला तर व्हिटल. पण ओहाइनचं ते इंजिन हायड्रोजनवर चाललं होतं, द्रव इंधन नीट जाळायचा अवघड प्रश्न त्याने तेव्हा सोडवलेला नव्हता, म्हणून इथे व्हिटलकडे झुकणं बरं. उड्डाणाचा मान मात्र जर्मनीचाच, हाइनकेल १७८ हे विमान, २७ ऑगस्ट १९३९. ब्रिटिश विमान उडालं १५ मे १९४१ ला. आणि आजच्या लढाऊ इंजिनांतला अक्षीय कॉम्प्रेसर, म्हणजे हवा सरळ मागे नेत दाबणारा भाग, या दोघांच्याही त्या इंजिनांत मुख्य नव्हता, ती वाट आन्सेल्म फ्रान्झच्या युमो ००४ या जर्मन इंजिनाकडून येते, हे बऱ्याचदा राहूनच जातं.

खरी कसोटी टर्बाइनच्या पात्यांची. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात टर्बाइनला साधारण ५४० अंशाची वाफ लागते, इथे वायू १५०० अंशाच्या आसपास किंवा वर, म्हणजे पात्याचा निकेल मिश्रधातू ज्या तापमानाला वितळेल त्याच्याही पुढे. म्हणून पातं आतून पोकळ ठेवतात आणि बारीक छिद्रांतून हवेचा थर अंगावर सोडतात. मेणाचा नमुना वापरून केलेल्या साच्यात ओतकाम करताना धातू एका टोकाकडून सावकाश गोठवतात आणि एकच स्फटिक पुढे वाढू देतात, त्यामुळे अख्खं पातं एकच स्फटिक होतं, कणांच्या सीमाच राहत नाहीत आणि उष्णतेत ताण आला तरी ते सहजी लांबत नाही. हे तंत्र कुठलाच देश सुखासुखी देत नाही.

भारतात जीटीआरई ही गॅस टर्बाइन इंजिनांवर संशोधन करणारी सरकारी संस्था १९५९ ला कानपूरला सुरू झाली, मग बंगळुरूला गेली. मारुत हे भारतात बनलेलं लढाऊ विमान ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलेलं, पण त्याला कमी ताकदीच्या ब्रिटिश ऑर्फियस इंजिनावरच उडावं लागलं आणि तो वेग कधी आलाच नाही. कावेरी या देशी इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला, तेजस या देशी लढाऊ विमानासाठी, ८१ किलोन्यूटन थ्रस्टचं, म्हणजे विमान पुढे ढकलणाऱ्या जोराचं, उद्दिष्ट ठेवून. थ्रस्ट कमी पडला, वजन जास्त झालं. नुसतं डिझाइनला नावं ठेवणं बरोबर नाही, उंचावरच्या हवेत इंजिन तपासायची सोयच देशात नव्हती, त्यासाठी रशियाला जावं लागलं, नोव्हेंबर २०१० मध्ये तिथे आयएल ७६ विमानाला बसवून कावेरी उडवलं. तोवर, म्हणजे २००८ मध्येच, ते तेजसपासून वेगळं केलेलं होतं. तेजस अमेरिकन एफ ४०४ वर उडतं, मार्क २ साठी एफ ४१४ ठरलंय. आफ्टरबर्नर नसलेलं कावेरी आता मानवरहित विमानासाठी पुढे नेलं जातंय.