विश्वासरावांच्या कानाजवळून गेलेली गोळी

क्वांटम थ्रिलरचा, म्हणजे अणूहून सूक्ष्म कणांच्या विज्ञानावर बेतलेल्या रहस्यकथेचा, नायक बहुधा एकाच संकटात सापडतो. त्याच्याच तोंडवळ्याचा, त्याच्याच नावाचा माणूस दारात उभा राहतो आणि म्हणतो, हे घर माझं. मग पाठलाग सुरू. कोल्हापूरच्या राजारामपुरीत क्लासला जाणारी पोरं असल्या मालिका मोबाइलवर रात्र रात्र बघतात, आणि त्यांना हा प्रकार अगदी नवा वाटतो. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रबंध 1957चा आहे.

श्रोडिंजर या भौतिकशास्त्रज्ञाने 1926 साली मांडलेलं समीकरण इलेक्ट्रॉनच्या अनेक शक्यता एकदम सांगतं. मोजायला जावं तर हाती एकच लागते. मग बाकीच्या गेल्या कुठे? कोपनहेगनच्या मंडळींनी, म्हणजे नील्स बोर आणि त्यांच्या विचाराच्या भौतिकशास्त्रज्ञांनी, हा प्रश्न जवळजवळ निकालातच काढला होता. श्रोडिंजरला ते पटलं नाही. एकाच वेळी जिवंत आणि मेलेली असलेली ती प्रसिद्ध मांजर त्याने 1935 साली आणली, ती या भूमिकेतला विचित्रपणा दाखवायला. आज तीच मांजर टी-शर्टवर क्वांटमची खूण म्हणून मिरवते.

अमेरिकेत प्रिन्स्टनला भौतिकशास्त्रज्ञ व्हीलर यांच्या हाताखाली शिकणाऱ्या ह्यू एव्हरेटने त्या 1957च्या प्रबंधात वेगळंच म्हटलं: काहीच नाहीसं होत नाही. प्रत्येक शक्यता पुढे चालू राहते आणि मोजणाराही तिच्याबरोबर फुटून वेगळा होतो. 1959 साली तो कोपनहेगनला जाऊन बोरना भेटला, पण उपयोग झाला नाही. तोवर त्याने विद्यापीठाची वाट सोडली होती. पेंटागॉनसाठी अणुयुद्धाची गणितं करणं हे त्याचं काम झालं होतं. (थ्रिलर लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगला नायक सापडणार नाही.) त्याची ही समांतर विश्वांची कल्पना खऱ्या अर्थाने वर आली ती 1970मध्ये, भौतिकशास्त्रज्ञ ब्राइस डिविट यांनी 'फिजिक्स टुडे'त लेख लिहिल्यावर. 1976 साली 'अ‍ॅनालॉग' या विज्ञानकथांच्या मासिकाने तिची ओळख करून दिली, आणि ती कथाकारांच्या हाती लागली.

मराठीत ती आली ती कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाच्या लेखणीतून. जयंत नारळीकरांचा जन्म इथला, 1938चा. वडील विष्णु वासुदेव हेही मूळचे इथलेच. आत्मचरित्रात जयंतरावांनी ज्या चार नगरांचं विश्व मांडलं त्यांत कोल्हापूर नाही, हे खरं. तरी कोल्हापूरकर आपला हक्क सोडत नाहीत. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉइल स्वतः विज्ञान कादंबऱ्या लिहीत. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठवली. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली होती. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं.

क्वांटमच्या दृष्टीने महत्त्वाची कथा मात्र 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जाऊन पडतात, जिथे 1761मध्ये मराठे जिंकले आहेत. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून गेली, तिळभराच्या फरकाने. परत आल्यावर त्यांचा मित्र उलगडा करतो: एका विश्वात इलेक्ट्रॉन इथे, दुसऱ्यात तिथे, आणि गंगाधरपंत एकातून दुसऱ्यात जाऊन आले. मला ही निवड फार हुशारीची वाटते. समांतर विश्व समजावून सांगायला लेखकाने प्रयोगशाळा दाखवली नाही. मराठी माणूस जो 'जर-तर' पिढ्यानपिढ्या उगाळत आला आहे, तोच उचलला. कोल्हापूरचा स्वतःचा जर-तर वेगळाच आहे. मराठी राज्याची वाटणी ठरवणारा 1731चा वारणेचा तह झालाच नसता, तर सातारा आणि करवीर या दोन गाद्यांचं पुढे काय झालं असतं? गंगाधरपंतांना पन्हाळ्यावर धाडायला हरकत नव्हती.

पाश्चात्त्य थ्रिलर इतिहासापेक्षा चोरीकडे जास्त वळला. त्याला कारण 1994चं आहे. क्वांटम संगणक, म्हणजे कणांच्या याच गुणांवर चालणारा संगणक, मोठ्या संख्येचे मूळ अवयव झपाट्याने काढू शकेल, हे पीटर शोर यांनी दाखवलं. आरएसएसारखी, म्हणजे संगणकावरची माहिती गुप्त ठेवणारी, कुलपं नेमक्या याच अवघड कामावर उभी आहेत, त्यामुळे बँका आणि गुप्तहेर खाती आयतीच कथानकात आली. सरकारांनीही ते मनावर घेतलं. भारताने 2023 साली राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी 6003.65 कोटी रुपये मंजूर केले.

तिसरा धागा एन्टँगलमेंटचा, म्हणजे दूरच्या दोन कणांच्या एकमेकांत गुंतलेपणाचा. 1964मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी त्याची कसोटी सांगितली, आणि ती प्रयोगांत उतरवल्याबद्दल आस्पे, क्लाउझर व झायलिंगर यांना 2022चं नोबेल मिळालं. इथे लेखक हमखास घसरतात. दोन कण कितीही लांब असले तरी त्यांची मापनं जुळतात, एवढं खरं. पण त्यातून प्रकाशापेक्षा वेगाने निरोप पाठवता येत नाही. एका टोकाला नुसती कसलाही क्रम नसलेली नोंद दिसते, आणि दुसऱ्या टोकाची नोंद साध्या मार्गाने हातात आल्याशिवाय जुळणी कळत नाही. थ्रिलरमधला हेर मात्र दुसऱ्या आकाशगंगेतून तत्क्षणी सावध होतो.