फोटो ‘फाटतो’ तेव्हा

आमची गिरगावातली चाळ पुढच्या वर्षी पाडणार, म्हणून यंदाच्या गणपतीत चौकात सगळ्या बिऱ्हाडांचा एकत्र फोटो काढला. साठ-बासष्ट माणसं. पुढे सतरंजीवर पोरं, मधे खुर्च्यांवर म्हातारी मंडळी, मागे जिन्यात आणि गॅलरीत बाकीचे. हा फोटो वीस बाय तीस इंचांत काढून घ्यावा म्हणून दादरच्या एका लॅबमध्ये गेलो आणि मोबाइल पुढे केला. काउंटरवरच्या मुलाने फोटो उघडला, दोन बोटांनी ताणला आणि मान हलवली.

‘‘काका, फाटेल.’’

छपाईवाल्यांचा हा शब्द मला फार आवडतो. फ्लेक्सवाल्यापासून लग्नाचा अल्बम करणाऱ्यापर्यंत सगळे तोच वापरतात. कापड ताणलं की त्याची वीण दिसायला लागते, तसं फोटो ताणला की त्याचे चौकोन दिसायला लागतात. मग त्या मुलाने दुसरा प्रश्न विचारला आणि तो खरा विज्ञानाचा होता: ‘‘लावणार कुठे?’’

आधी चौकोनांबद्दल. डिजिटल फोटोला इंच नसतातच; असते ती फक्त चौकोनांची, म्हणजे पिक्सेलची, संख्या. इंच येतात ते कागद ठरल्यावर. माझ्या मोबाइलमधला फोटो चाळीच्या ग्रुपवरून उतरवलेला होता. ग्रुपवर टाकताना अ‍ॅप फोटो आवळून पाठवतं, त्यामुळे तो १६०० बाय १२०० पिक्सेलचा उरला होता. ज्याने काढला त्या पुतण्याच्या फोनमधला मूळ फोटो होता ४००० बाय ३०००. म्हणजे एकीकडे १९ लाख पिक्सेल, दुसरीकडे १ कोटी २० लाख. तीस इंच लांबीवर पसरले, तर माझ्या फोटोत इंचाला ५३ पिक्सेल येतात, मूळ फोटोत १३३. (फाईलच्या माहितीत ‘७२ डीपीआय’, म्हणजे इंचाला ७२ ठिपके, असं लिहिलेलं असतं, ते खोडून ३०० केल्याने काही होत नाही. त्याने एकही पिक्सेल वाढत नाही. बरेच लोक हे करून निश्चिंत होतात.)

लॅबवाले मागतात इंचाला ३००. हा आकडा यंत्रातून आलेला नाही, आपल्या डोळ्यातून आला आहे.

डोळे तपासायला गेल्यावर समोर जो अक्षरांचा तक्ता असतो, तो डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलन यांनी १८६२ साली तयार केला. त्यातली निरोगी नजरेसाठीची ओळ अशी बेतलेली असते, की अक्षराच्या रेघेची जाडी सहा मीटरवरून बरोबर एक मिनिटाचा कोन करते. एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक म्हणजे मिनिट. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. शिवाजी पार्कात कोणी ते हातात धरून उभं राहिलं आणि तुम्ही साधारण ९३ मीटर लांब गेलात, म्हणजे नाण्याच्या रुंदीच्या ३,४३८ पट, की ते नाणं तुमच्या डोळ्याला एका मिनिटाएवढं होतं. याहून बारीक दोन गोष्टी शेजारी-शेजारी असल्या तर सर्वसाधारण नजरेला त्या एकच वाटतात.

आता फोटो हातात धरा, डोळ्यांपासून फूटभर. तिथे एक मिनिट म्हणजे सुमारे ०.०९ मिलिमीटर आणि एका इंचात असे जवळजवळ २९० तुकडे बसतात. त्याचीच गोळाबेरीज ३००. हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: ३,४३८ ला अंतराच्या इंचांनी भागायचं. जे उत्तर येईल तेवढे पिक्सेल दर इंचाला असले, की फोटो फाटलेला दिसणार नाही. तीन फुटांवरून ९५ पुरतात, दहा फुटांवरून २९.

जगातली पहिली डिजिटल प्रतिमा १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श या संशोधकाने तयार केली. आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा ५ सेंटिमीटरचा फोटो त्याने स्कॅन केला, तो १७६ बाय १७६ चौकोनांत. इंचाला ८९-९० चौकोन झाले. भागाकार करून पाहिलं तर तीन-सव्वातीन फुटांवरून त्यातले चौकोन दिसू नयेत. जवळून मात्र ते बाळ चांगलंच फाटलेलं दिसतं.

या भागाकारातून एक गमतीची गोष्ट निघते. माझा तोच ग्रुपवरचा फोटो वीस बाय तीस इंचांत फाटतो, पण चाळीस फुटी होर्डिंगवर लावला तर फाटणार नाही! चाळीस फूट म्हणजे ४८० इंच. इंचाला जेमतेम सव्वातीन पिक्सेल, एकेक चौकोन साडेसात मिलिमीटरचा. पण माहीम कॉजवेवरून टॅक्सीतून जाताना होर्डिंग शंभर-दीडशे फुटांवर असतं आणि तेवढ्या अंतरावर साडेसात मिलिमीटरचा चौकोन नजरेआड होतो. उलट नाक्यावरचे शुभेच्छांचे बॅनर बघा. मधला मोठा नेता गुळगुळीत असतो आणि खाली ओळीने लावलेले शुभेच्छुक फाटलेले. त्यांचे चेहरे कुठल्या तरी ग्रुप फोटोतून कापलेले असतात. शंभर-सव्वाशे पिक्सेलचा चेहरा फूटभर केला, की तो तीस फुटांवरून बघावा लागतो. फुटपाथवर तीस फूट मागे जायचं म्हणजे बसखाली जायचं.

फोटोग्राफीच्या वर्गांत सांगतात, की मोठा फोटो त्याच्या कर्णाइतक्या अंतरावरून बघायचा. तरच तो एका नजरेत मावतो. हे मानलं तर कर्णावर ३,४३८ पिक्सेल पुरतात, म्हणजे सगळे मिळून साधारण ५५ लाख. मग फोटो पोस्टकार्डाएवढा असो की भिंतीएवढा. हल्लीचे बहुतेक फोन याच्या दुप्पट देतात. कागदावर हे अगदी खरं आहे. पण ज्याने नियम केला त्याचं घर मोठं असावं. नवी इमारत होईपर्यंत आम्ही ट्रान्झिटच्या ज्या तात्पुरत्या खोलीत जाणार, तिथे कॉट आणि कपाट लावल्यावर फोटोपासून तीन फुटांवर पाठीला दरवाजा लागतो. शिवाय हा ग्रुप फोटो. निसर्गचित्र माणूस लांबून बघतो. ग्रुप फोटोत प्रत्येक जण आधी स्वतःला शोधतो, मग शेजारच्यांना, आणि त्यासाठी नाक काचेला लावतो. म्हणून गर्दीच्या फोटोला नियमापेक्षा जास्त पिक्सेल द्यावे, असं माझं मत. माझ्या फोटोचे चौकोन लपायला साडेपाच फूट लांब जावं लागलं असतं. मूळ फोटोला दोन-सव्वादोन फूट पुरत होते.

खरं तर आवळलेला फोटो हिशेबापेक्षाही लवकर फाटतो. जेपेग ही पद्धत, जिचं मानक १९९२ सालचं, चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे ठोकळे पाडते आणि प्रत्येक ठोकळ्यातला बारीक तपशील कमी-जास्त टाकून देते. जास्त आवळलं की ठोकळ्यांच्या कडा उघड्या पडतात. वीस बाय तीसमध्ये माझ्या फोटोतला एक ठोकळा जवळजवळ चार मिलिमीटरचा झाला असता. काउंटरवरच्या मुलाला दिसले ते बहुधा हेच. साड्यांच्या काठांवर आणि झुरमुळ्यांभोवती.

‘‘सॉफ्टवेअरने वाढवून बघू?’’ मी विचारलं. साधं सॉफ्टवेअर दोन पिक्सेलांच्या मधे त्यांच्या सरासरीचा नवा पिक्सेल भरतं. चौकोन जातात, पण चित्र पिठूळ होतं. नवी माहिती येणार कुठून? कृत्रिम बुद्धिमत्तेवाली साधनं वेगळं करतात. लाखो फोटो पाहून शिकल्यामुळे ती तिथे काय असावं याचा अंदाज बांधतात आणि तो रंगवतात. मुलाने करून दाखवलं. चेहरे तुकतुकीत आले, पण दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नथीतले मोती एकमेकांत वितळून एक पांढरा मणी झाला होता आणि काकू कोणीतरी दुसऱ्याच वाटत होत्या. पान-फुलांच्या फोटोला हे चालेल. ओळखीच्या माणसांना नाही.

मूळ फोटो पुतण्याने संध्याकाळी ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, म्हणजे अ‍ॅपने त्याला हात लावला नाही. मग दुसरी अडचण. फोनचा फोटो चारास तीन, आणि वीस बाय तीसचा कागद तिनास दोन. हे तिनास दोन प्रमाण ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यातून आलं, ज्यात एक चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असे. फिल्म गेली, कागदांचे आकार राहिले. चारास तीन फोटो त्यात बसवायचा तर उंचीचा नववा भाग कापावा लागतो. आमच्या फोटोत तो भाग म्हणजे एक तर गॅलरीतली पोरं नाही तर सतरंजीवरची. मी दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी सोडायला सांगितली. त्यापायी फोटो तीस इंचांऐवजी पावणेसत्तावीस इंच लांब झाला आणि इंचाला पिक्सेल आपोआप १५० झाले.

रंगांचं थोडक्यात. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद फक्त खोलीतला प्रकाश परत करतो. म्हणून उजेड पूर्ण वाढवलेल्या मोबाइलवर झकास दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो. पडद्याचा उजेड अर्ध्यावर आणून एकदा बघावा आणि सावलीतले चेहरे थोडे उजळून द्यावेत. रेखीवपणा वाढवायचा तर आकार ठरल्यानंतर, शेवटी.

आजोबांचा पेटी वाजवतानाचा एक फोटोही छापायचा होता. तो काढणाऱ्याचा फोन कधीच बिघडला. उरला आहे तो ग्रुपवरचाच, १६०० पिक्सेलचा. ‘‘हा पाच बाय सातच्या वर नका नेऊ,’’ मुलगा म्हणाला. सात इंचांत १६०० म्हणजे इंचाला २२८, सव्वा फुटावरून अगदी स्वच्छ. तो शोकेसमध्ये ठेवला आहे. बघायचा तर हातात घ्यावा लागतो.