रेपो उतरला, मग यील्ड का चढलं?

6 जून 2025 ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने थोड्या मुदतीचं कर्ज देते तो दर, 6 वरून साडेपाच टक्क्यांवर आणला. बहुतेकांनी पाव टक्क्याची कपात धरली होती, मिळाली अर्ध्या टक्क्याची. वर सीआरआरही (ठेवींचा जो हिस्सा बँकांना रिझर्व्ह बँकेत ठेवावा लागतो तो) एक टक्क्याने कमी करायचं जाहीर झालं. एवढं होऊनही दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड, म्हणजे आजच्या बाजारभावाने तो घेतल्यास मिळणारा वार्षिक परतावा, आधी घसरलं, मग उलटं फिरलं आणि आदल्या दिवसापेक्षा चढंच बंद झालं. रेपो उतरला की सगळीच व्याजं उतरतात, असं मानणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

त्या दिवशी आकड्यांइतकंच महत्त्व निवेदनातल्या शब्दांना होतं. एप्रिलमध्ये 'उदार' (कपातीकडे झुकलेली) केलेली भूमिका रेपो ठरवणाऱ्या पतधोरण समितीने दोनच महिन्यांत पुन्हा 'तटस्थ' केली. शिवाय, वाढीला हातभार लावायला पतधोरणाकडे आता फारच थोडा वाव उरलाय, असं गव्हर्नर संजय मल्होत्रांनी सांगितलं.

रेपो हा अगदी थोड्या मुदतीचा दर. दहा वर्षांचं यील्ड म्हणजे येत्या दहा वर्षांत असे अल्पमुदतीचे दर काय राहतील याच्या अंदाजांची साधारण सरासरी, अधिक इतका काळ पैसा अडकवून ठेवल्याचा मोबदला. मोबदला क्षणभर बाजूला ठेवू. समजा, काल बाजाराचा अंदाज होता की पहिल्या वर्षी दर 5.75 राहील आणि पुढची नऊ वर्षं 5.25. सरासरी आली 5.30. आज दर एकदम 5.50 झाला, पण 'आता याहून खाली नाही' असाही सूर लागला. मग दहाही वर्षं 5.50 धरायची. पहिल्या वर्षाचा दर पाव टक्क्याने उतरला, पण सरासरी 0.20 ने चढली! (काटेकोर हिशेब चक्रवाढीने करतात, दिशा तीच राहते.)

रोख्यावरचं व्याज ठरलेलं असतं, त्यामुळे यील्ड चढलं की किंमत पडते. किती पडते, हे मॉडिफाइड ड्युरेशन सांगतं: यील्ड एक टक्क्याने चढल्यास किंमत साधारण किती टक्के पडेल, तो आकडा. सव्वासहा टक्के व्याजाच्या, सव्वासहाच यील्डच्या दहा वर्षं मुदतीच्या रोख्यासाठी ते सुमारे 7.3 येतं. म्हणजे यील्ड 0.05 टक्क्याने चढलं, तर शंभर रुपयांमागे साधारण 36 पैसे गेले. एखाद्या बँकेच्या ट्रेझरीत (गुंतवणूक सांभाळणाऱ्या विभागात) असे शंभर कोटींचे रोखे असतील तर 36 लाख.

नुसत्या शब्दांनी बाजार कसा हलतो, याचं आणखी एक उदाहरण. 22 मे 2013 ला अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्हचे तेव्हाचे अध्यक्ष बेन बर्नान्की तिथल्या संसदेपुढे (काँग्रेसपुढे) एवढंच म्हणाले होते की, व्याजदर खाली ठेवण्यासाठी चालवलेली रोखेखरेदी पुढच्या काही बैठकांत कमी करता येईल. ती कमी करण्याचा निर्णय झाला डिसेंबरात. तोवर, ऑगस्टअखेर, 55-56 चा रुपया डॉलरला 68 च्या पार जाऊन आला होता. आपली चालू खात्यातली तूटही त्याला कारण होती, सगळं खापर बर्नान्कींवर फोडायला नको.

शब्दांचा अर्थ लावण्याच्या या उद्योगाची बुवाबाजीही होते. 1994 पर्यंत फेडरल रिझर्व्ह दर बदलला तरी जाहीर निवेदन काढत नसे. पुढे निवेदनं येऊ लागली, तरी बैठकीला निघालेल्या तत्कालीन अध्यक्ष अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांची ब्रीफकेस जाड आहे की पातळ, यावरून एक अमेरिकन वृत्तवाहिनी दराचा अंदाज बांधत असे. तिची जाडी आपण जेवणाचा डबा घेतलाय की नाही यावर ठरायची, असं ग्रीनस्पॅननीच नंतर लिहून ठेवलंय. निफ्टीची कुंडली मांडणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

'तटस्थ' म्हणजे कपात बंद, असंही नाही. दोन्ही दारं उघडी, एवढाच त्याचा अर्थ. 5 डिसेंबर 2025 ला भूमिका 'तटस्थ'च ठेवून समितीने रेपो आणखी पाव टक्क्याने उतरवला आणि 5.25 वर आणला.