‘वर्डमध्येच लिहू द्या’: एक्सएमएल एडिटरच्या निवडीमागचा इतिहास

एक्सएमएलसाठी, म्हणजे मजकुराचा कुठला भाग काय आहे हे टॅग (खुणा) लावून नोंदवण्याच्या पद्धतीसाठी, कुठले सॉफ्टवेअर घ्यायचे ही चर्चा कुठल्याही संस्थेत सुरू झाली की थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतेच: ‘लोकांचा हात वर्डवर बसलेला आहे, त्यांना तिथेच लिहू द्या, एक्सएमएल मागच्या मागे तयार होऊ दे.’ मागणी रास्त वाटते. ती एकदा बऱ्यापैकी पूर्णही झाली होती, पण न्यायालयाच्या आदेशानंतर दिलेली सोय मागे घ्यावी लागली. आजच्या वादाचे मूळ २००३ ते २०१० या काळात आहे.

त्याआधीचे थोडक्यात. १९८६ च्या एसजीएमएलमध्ये, म्हणजे एक्सएमएलच्या पूर्वज पद्धतीत, डीटीडीशिवाय (कुठला टॅग कुठे चालतो ते सांगणाऱ्या नियमावलीशिवाय) पान हलत नसे. एडिटर मोजके आणि महागडे. फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल १.० आले आणि डीटीडीची सक्ती गेली. पार्सर (टॅग वाचणारे प्रोग्राम) लिहिणे सोपे झाले, आणि १९९९ मध्ये एक्समेटल व एक्सएमएल-स्पाय बाजारात आले. दोन्हींना एडिटरच म्हणत, पण स्पाय होता स्कीमा (डीटीडीसारखीच टॅगची नियमावली) आणि रूपांतरणे लिहिणाऱ्या प्रोग्रामरसाठी, तर एक्समेटल मजकूर लिहिणाऱ्यांसाठी. त्यात टॅग झाकून नुसते पान पाहता येई. आयटी विभागाने स्पायच्या जातीचे विकत घ्यायचे, लेखकांच्या माथी मारायचे आणि मग ‘एक्सएमएल आपल्या लोकांना झेपत नाही’ म्हणायचे, हा प्रकार अजून थांबलेला नाही.

वर्डच्या २००३ च्या आवृत्तीत संस्थेला स्वतःची स्कीमा जोडता येऊ लागली. बाजूच्या पट्टीत घटकांची यादी दिसे. मजकूर निवडून नावावर क्लिक केले की त्याच्या दोन्ही टोकांना रंगीत टॅग बसत. ही सोय व्यावसायिक संचात आणि सुट्या घेतलेल्या वर्डमध्येच होती, साध्या संचात नव्हती. तरीही तिच्या भरवशावर साचे, मॅक्रो, ॲड-इन असा बराच डोलारा उभा राहिला.

टोरांटोतल्या एका लहान कंपनीकडे १९९८ चे अमेरिकी पेटंट होते: मजकूर एकीकडे, टॅग कुठे बसतात त्याचा नकाशा दुसरीकडे, आणि दोन्ही स्वतंत्रपणे हाताळायचे. तिने २००७ मध्ये वर्ड बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. २००९ मध्ये टेक्सासमधल्या ज्यूरीने २० कोटी डॉलरची भरपाई ठरवली. न्यायाधीशांनी त्यात भर घालून रक्कम २९ कोटींच्या घरात नेली, शिवाय ही सोय असलेला वर्ड विकायला मनाई केली. जानेवारी २०१० पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रतींतून ती काढून टाकण्यात आली. जून २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निकाल फिरवला नाही.

नव्या प्रतीत जुना दस्तऐवज उघडला की मजकूर जसाच्या तसा, टॅग मात्र गायब. सेव्ह केले की गेलेच. पान दिसायला तेच असल्याने काही हरवले आहे हे पाहणाऱ्याला कळण्याचे कारण नव्हते. आधी घेतलेल्या प्रतींना आदेश लागू नव्हता, त्यामुळे एकच फाइल दोन टेबलांवर दोन तऱ्हांनी उघडू शकत होती. पेटंट द्यायला हवे होते की नाही यावर वाद घालता येईल, पण सॉफ्टवेअर निवडणाऱ्याला त्याच्याशी देणेघेणे नाही. संस्थेच्या दृष्टीने जो पाया होता तो विक्रेत्याच्या लेखी कोपऱ्यातली एक सोय होती, आणि ती सोडून देणे त्याला परवडले. हे अमेरिकेत, कोर्टामुळे घडले, कोर्टाशिवायही घडते.

वर्डमधले कंटेंट कंट्रोल (मजकूर भरण्यासाठी आखून दिलेल्या चौकटी) मात्र वाचले. ‘वर्डची फाइल २००७ पासून एक्सएमएलच आहे’ हा युक्तिवादही उरला, तो विक्रीच्या सादरीकरणात आजही हमखास येतो. खोटा नाही, पण त्या फाइलीला परिच्छेद, शैली, ठळक अक्षर एवढेच ठाऊक; हा इशारा आहे आणि ही कृतीची पायरी, हे तिला कुणी सांगितलेले नसते.

तोवर २००५ मध्ये डीआयटीए, म्हणजे तांत्रिक मजकूर सुट्या विषयांत लिहिण्याची एक्सएमएल रचना, प्रमाणित झाले होते आणि एडिटरची कसोटी बदलली होती. त्याच्या ‘टास्क’मध्ये (कृती सांगणाऱ्या विषयात) प्रत्येक पायरीत आज्ञा लागतेच; इशारा आज्ञेच्या आधी चालतो, नंतर द्यायचा तर ‘इन्फो’ नावाच्या घटकात घालावा लागतो. लेखकाने कर्सर चुकीच्या जागी ठेवला तर चांगला एडिटर यादीत इशारा दाखवतच नाही, किंवा ‘इन्फो’ स्वतःच घालून देतो. सुमार एडिटर शेवटी एकदम चुकांची यादी समोर टाकतो. दोघांच्याही माहितीपत्रकात ‘व्हॅलिडेशन’ (नियमांप्रमाणे तपासणी) असे एकाच शब्दात लिहिलेले असते.

पुढे ब्राउझरमध्ये चालणारे एडिटर आले आणि दर संगणकामागे परवाना घेऊन बसवण्याची कटकट कमी झाली. एखाद्या तज्ज्ञाला दोन ओळी दुरुस्त करायला बोलावणे शक्य झाले. सवयीचा आग्रह मात्र संपलेला नाही. डीआयटीएच्या हलक्या रूपात मार्कडाउनमध्ये, म्हणजे टॅगऐवजी साधी चिन्हे वापरून, लिहिलेला विषयही चालतो, आणि प्रोग्रामर मंडळी आता तेवढ्याच जोरात म्हणतात, मार्कडाउनमध्येच लिहू द्या.