हीट पंप घेण्याआधी जागा दाखवा

आमच्याकडे हीट पंपच्या, म्हणजे हवेतल्या उष्णतेने पाणी तापवणाऱ्या मशीनच्या, चौकशीला येणारे बहुतेक जण आल्या आल्या विचारतात, "किती लिटरचा घेऊ?" आम्ही त्यांना विचारतो, "ठेवणार कुठे?" मशीन कितीही चांगलं असू द्या, चुकीच्या जागी बसलं की वीज वाचत नाही आणि प्रसंगी जिवावरही बेततं.

फ्रिजच्या मागे हात धरला की गरम लागतं, कारण फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकत असतो. हीट पंप त्याच रीतीने बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात सोडतो. वीज लागते ती मुख्यतः कॉम्प्रेसर आणि पंख्याला. 200 लिटर पाणी 25 अंशांवरून 55 अंशांवर न्यायला साध्या गिझरला सुमारे 7 युनिट लागतात, हीट पंपचं साधारण अडीच युनिटांत भागतं. सोलापूरची हवा थंडीतही फार गार पडत नाही, त्यामुळे हे मशीन इथे बारा महिने चांगलं चालतं. स्वतःची मोकळी, उन्हाची गच्ची असेल तर सोलरचाही विचार जरूर करा. गच्ची सोसायटीची असेल किंवा शेजारच्या इमारतीची सावली पडत असेल, तिथे हीट पंप खरा उपयोगी.

हवा मोकळी हवी

पूर्वी बंब अंगणात किंवा परसात असायचा. या मशीनलाही तशीच मोकळी जागा लागते. टाकी आणि मशीन एकत्र असलेलं मॉडेल घरात ठेवायचं तर निदान दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली लागते. पाच बाय सातच्या बाथरूममध्ये त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी हवा असते. तिथे मशीन स्वतःच सोडलेली गार हवा पुन्हा ओढत राहतं, मग टाकीतली, गिझरसारखी विजेवर तापणारी कॉइल चालू होते आणि बिल गिझरएवढंच येतं. गच्ची, गॅलरी, मागचं अंगण या जागा उत्तम. वर पत्रा असावा, बाजू उघड्या असाव्यात, पंख्यासमोर निदान तीन फूट काही नसावं. झोपायच्या खोलीची खिडकी शेजारी नको, कॉम्प्रेसरचा आवाज रात्री जाणवतो.

गॅस गिझर असलेल्या खोलीत हीट पंप आम्ही बसवत नाही. पंख्याच्या ओढीने गिझरचा धूर खोलीत परत येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळतही नाही. काही नव्या मशीनमध्ये आर-290 गॅस असतो. तो म्हणजे प्रोपेन, पेट घेणारा आणि हवेपेक्षा जड. अशा मशीनजवळ चूल, शेगडी, दिवा किंवा गटाराचं उघडं तोंड चालत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या ग्राहकांना एक वेगळं सांगणं. शेजारी माग चालत असतील तर कापसाचे तंतू हवेबरोबर मशीनमध्ये ओढले जातात. एका घरी सहा महिन्यांनी गेलो तेव्हा मागची जाळी पांढरी झालेली होती. नखाने कोपरा उचलून ओढला तर टॉवेलचा तुकडा निघावा तसा थर सलग निघाला. त्या घरचे पाणी नीट तापत नाही म्हणून महिनाभर तापमान वाढवत बसले होते. अशा ठिकाणी दर पंधरा दिवसांनी मेन बंद करून मऊ ब्रशने जाळी झाडा.

वजन

200 लिटरचं मशीन भरल्यावर पावणेतीनशे ते तीनशे किलो भरतं, आणि तो सगळा भार दोन-सव्वादोन फुटांच्या जागेत येतो. आरसीसी स्लॅबवर आम्ही ते बीमवर किंवा कॉलमलगत ठेवतो, गरज वाटली तर इंजिनिअरला विचारून. धाब्याच्या किंवा पत्र्याच्या घरावर चढवतच नाही. खाली अंगणात काँक्रीटचा ओटा बांधून घेतो. वळवाच्या वाऱ्यात हलू नये म्हणून अँकर बोल्टही लागतात.

प्रेशरचा व्हॉल्व्ह

इथे थोडं थांबून वाचा. 200 लिटर पाणी 55 अंशांपर्यंत तापलं की दोन लिटरांहून अधिक फुगतं. गार पाण्याच्या लाइनवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असतो, म्हणजे मागे वाट नाही. ते दाबाचं पाणी टाकीवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर येतं. एका घरी आम्ही दुरुस्तीला गेलो तर त्या तोंडाला कुणी डमी, म्हणजे बूच, ठोकलेली होती, "गळतं म्हणून बंद केलं" असं उत्तर मिळालं. थर्मोस्टॅट बिघडला असता तर ती टाकी फुटली असती. आम्ही मेन पाडला, टाकी थंड होऊ दिली, डमी काढली आणि मगच बाकीच्या कामाला हात लावला. या व्हॉल्व्हचा पाइप उताराने खाली आणून उघड्या मोरीवर सोडायचा, येण्याजाण्याच्या वाटेवर नाही. थेंब दिसले तर घाबरू नका. सतत धार लागली तर आम्हाला फोन करा. प्रेशर पंप असेल तर आधी सांगा, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह जोडावा लागतो.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. वरची टाकी रिकामी असताना मशीन चालू राहिलं तर टाकीतली विजेची कॉइल कोरडी जळू शकते. गरम पाण्याच्या नळाला सलग धार येईपर्यंत स्विच लावू नका. बोअरचं पाणी असेल तर टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला अ‍ॅनोड रॉड दरवर्षी तपासून घ्या.

विजेसाठी स्वतंत्र 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच), अडीच एमएमची तांब्याची वायर आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. अर्थिंग मीटरने मोजल्याशिवाय आम्ही जोडणी करत नाही. आपली जमीन मुरमाड, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो; मार्च ते जूनमध्ये त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता.

पावसाळ्यात मशीनखाली पाणी साचलं तर ती गळती असेलच असं नाही. हवेतलं बाष्प मशीनच्या हवा ओढणाऱ्या बाजूच्या गार कॉइलवर जमून ते टपकतं. त्याला वेगळी नळी लागते.

तापमान 55 ते 60 ठेवा. कोमट पाण्यात, 20 ते 45 अंशांत, लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. पण 60 अंशांच्या पाण्याने पाच सेकंदांत कातडी भाजते. घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर गरम पाण्यात गार मिसळून देणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह घ्याच, आणि बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

गड्ड्याच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरतं तेव्हा हे ध्यानात ठेवा: टाकी एकदा संपली की पुन्हा तापायला चार-पाच तास लागतात. तोवर पुढच्या अंघोळींना जरा थांबावं लागेल.

आम्ही जागा पाहायला येऊ तेव्हा वीजबिल जवळ ठेवा, त्यावरचा मंजूर भार बघायचा असतो. जिन्याची आणि दाराची रुंदी मोजून ठेवलीत तर आणखी चांगलं. मशीन टेम्पोत आडवं आलं असेल तर आम्ही ते उभं करून ठेवू आणि चालू करायला दुसऱ्या दिवशी येऊ.