घरगुती किट ॲम्प्लिफायर

सुटे भाग आणि तयार पीसीबी (भाग बसवायची छापील सर्किटची पाटी) आणून स्वतःच्या हाताने जोडलेला ध्वनिवर्धक म्हणजे किट ॲम्प्लिफायर. नाशिकमध्ये महात्मा गांधी रोड परिसरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांकडे हौशी मंडळींचे पाय वळतात. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत विजेची उपकरणे बनत असल्याने सोल्डरिंगला हात बसलेली माणसेही शहरात पुष्कळ आहेत, आणि नवख्याला त्यांचा मोठा आधार होतो.

सुरुवात टीडीए २०३० या पाच पायांच्या आयसीने (एकाच तुकड्यात मावलेल्या ॲम्प्लिफायर सर्किटने) करावी. ±१४ व्होल्टवर, म्हणजे शून्याच्या वर आणि खाली १४-१४ व्होल्टच्या सप्लायवर, ती ४ ओहमच्या स्पीकरला सुमारे १४ वॉट देते, ८ ओहमला सुमारे ९. घरातल्या खोलीला एवढे भरपूर झाले. खोक्यावर छापलेल्या शेकडो वॉटच्या आकड्यांना भुलू नये.

आवाजाचा खरा कस लागतो तो पॉवर सप्लायमध्ये. १२-०-१२ (मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना १२-१२ व्होल्ट देणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरच्या १२ व्होल्ट एसीचे शिखर १७ व्होल्टला जाते. डायोडमध्ये थोडे खर्ची पडून प्रत्येक बाजूला साधारण १६ व्होल्ट डीसी उरतात. या आयसीची कमाल मर्यादा ±१८ आहे, त्यामुळे ‘जास्त पॉवर’च्या मोहात १५-०-१५ लावला की ती जळण्याची भीती असते. ट्रान्सफॉर्मर अशक्त किंवा डीसी सपाट करणारा फिल्टर कपॅसिटर लहान असला, तर काय होते ते नाशिक ढोलाचे रेकॉर्डिंग मोठ्याने लावून पाहावे: ढोलाचा ठोका पडताच सप्लायचा व्होल्टेज खाली बसतो आणि ढोल फाटल्यासारखा वाजतो. दोन्ही बाजूंना ४७०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आणि निदान ३ ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर असावा, इथे काटकसर करू नये.

आयसीची धातूची पाठ आतून निगेटिव्ह सप्लायला जोडलेली असते. हीटसिंक (आयसीची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) कॅबिनेटला टेकणार असेल तर मधे अभ्रकाचा तुकडा, प्लॅस्टिकचा बुश आणि थर्मल पेस्ट हवीच. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हीटसिंक ऐसपैस घ्यावा आणि कॅबिनेटला वर-खाली जाळी ठेवावी.

पहिल्यांदा वीज देताना ६० वॉटचा साधा, तारेचा (एलईडी नव्हे) बल्ब विजेच्या तारेत सिरीजमध्ये लावावा. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच स्विच बंद करावा. स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवर मल्टिमीटर धरावा. तिथे काही मिलिव्होल्टच दिसले पाहिजेत. कित्येक व्होल्ट डीसी असेल तर स्पीकरची कॉइल जळते.

सर्वाधिक छळते ती घूंऽ अशी घरघर. इनपुट ग्राउंडला (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या सामाईक तारेला) शॉर्ट करूनही ती राहिली, तर दोष आतल्या वायरिंगचा किंवा सप्लायचा. अशा वेळी स्पीकर, इनपुट आणि कपॅसिटर यांचे ग्राउंड वेगवेगळ्या तारांनी एकाच बिंदूवर आणावे. शॉर्ट करताच थांबली, तर बाहेरची केबल तपासावी.