भूसुरुंग शोधायचा तर आधी माती ओळखा

दिवाळी आटोपली की पुण्यात रस्ते खोदायचा हंगाम सुरू होतो. गेल्या नोव्हेंबरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मुलगा बाबागाडीएवढी ढकलगाडी घेऊन आला. खाली रस्त्याला जवळजवळ टेकलेली नारिंगी पेटी, वर हँडलपाशी स्क्रीन. तो गल्ली आडवी ओलांडायचा, अर्धा मीटर पुढे सरकायचा, पुन्हा आडवा जायचा. मध्येच थांबून डांबरावर रंगाची खूण करायचा. दोन वर्षांपूर्वी याच जागी जेसीबीच्या दातात गॅसची पाइपलाइन आली होती आणि आम्ही सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी जिना उतरून मैदानात जाऊन उभे राहिलो होतो. त्यामुळे या गाडीकडे मी जरा जास्तच आपुलकीनं बघत होतो.

स्क्रीनवर करडे पट्टे सरकत होते. अचानक त्यांच्यात एक कमान उमटली, पालथ्या वाटीसारखी. "पाइप आहे का?" मी विचारलं. "असेल, नाहीतर केबल," तो म्हणाला. "काय आहे ते मशीन सांगत नाही काका. इथं मातीहून वेगळं काहीतरी आहे, एवढंच सांगतं."

भूसुरुंग शोधणाऱ्या सॅपरला, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी दलातल्या जवानाला, त्याचं यंत्रही याहून फारसं जास्त काही सांगत नाही. फरक इतकाच, की आमच्या गल्लीत चूक झाली तर पाणी नाहीतर गॅस जातो, आणि तिथं पाय जातो.

त्या ढकलगाडीत भूभेदी रडार असतं. विहिरीत दगड टाकून 'डुबुक' ऐकू येईपर्यंत आकडे मोजतात, तसंच हे काम. रेडिओलहरीचा अगदी छोटा ठोका जमिनीत सोडायचा आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजायचं. हवेत ही लहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागात, 30 सेंटीमीटर जाते. साधारण दमट मातीत तिचा वेग 10 सेंटीमीटरवर येतो. प्रतिध्वनी 20 नॅनोसेकंदांनी परतला, तर लहर जाऊन येऊन 2 मीटर चालली, म्हणजे पाइप 1 मीटर खोल. कमान का दिसते तेही सोपं आहे. गाडी पाइपच्या अलीकडे असताना लहर तिरकी जाते, अंतर जास्त पडतं. बरोबर डोक्यावर आली की अंतर सगळ्यात कमी, आणि पुढे गेली की पुन्हा जास्त. कमानीचा माथा जिथं, तिथं पाइप.

पण प्रतिध्वनी मुळात उमटतो कशामुळे? विद्युत क्षेत्राला कुठला पदार्थ किती दाद देतो, याचा प्रत्येकाचा एक आकडा असतो. हवेचा 1, कोरड्या वाळूचा 3 ते 5, पाण्याचा 80 च्या आसपास. दोन शेजाऱ्यांच्या आकड्यांत जितकी तफावत, तितका प्रतिध्वनी ठळक. आता प्लास्टिकच्या कवचातल्या भूसुरुंगाचं बघा. आत टीएनटी हे स्फोटक, त्याचा आकडा 3 च्या जवळपास. प्लास्टिकचाही तेवढाच. म्हणजे वाळवंटातल्या कोरड्या वाळूत हा सुरुंग रडारला जवळजवळ वाळूच वाटतो. पाऊस पडून माती ओली झाली की तफावत वाढते, सुरुंग उठून दिसायला हवा. पण तीच ओल रडारची लहर शोषून घेते. काळ्या मातीत हे सगळ्यात वाईट. तिच्यातली चिकणमाती पाणी आणि क्षार धरून ठेवते, आणि लहर थोड्याच खोलीवर विरून जाते. मुलगा मूळचा परभणीचा होता. म्हणाला, "आमच्याकडच्या काळ्या रानात हे मशीन आंधळं होतं. इथं मुरूम आहे म्हणून बरंय."

मुरूम रडारला बरा, पण मेटल डिटेक्टरची परीक्षा तोच बघतो.

मेटल डिटेक्टर ही रडारच्या कितीतरी आधीची युक्ती. 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली आणि ती शरीरात कुठे अडकली आहे हे डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं धातुशोधक यंत्र घेऊन गेले. गोळी सापडली नाही. डॉक्टरांनी त्यांना एकाच बाजूला शोधू दिलं होतं, आणि गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या. यंत्र चोख होतं, पण रोगी कशावर झोपला आहे हे कुणी विचारात घेतलं नव्हतं. माझ्या मते सुरुंगशोधाचा पहिला धडा हाच आहे. वस्तू कशात आहे हे कळल्याशिवाय वस्तू कळत नाही.

युद्धभूमीवर हे यंत्र पोचायला आणखी 60 वर्षं गेली. त्याआधी काय होतं याचं उत्तर आपल्या खडकीत आहे. तिथं ठाणं असलेल्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत 1941 च्या सुरुवातीला ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, पळत्या इटालियन सैन्याच्या मागावरच्या तुकडीपुढे रस्ता मोकळा करत होते. चार दिवसांत 55 मैल, म्हणजे सुमारे 88 किलोमीटरच्या टप्प्यात त्यांनी सुरुंगांची 15 क्षेत्रं हुडकून काढून साफ करवून घेतली. त्यांची गाडी दोनदा सुरुंगावर उडाली, एका कानाचा पडदा फाटला, तरी ते कामावरून हटले नाहीत. वय होतं 22. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. डोळे आणि हात, एवढीच त्यांची साधनं. त्यानंतर पोलंडचे एक लष्करी अधिकारी, युझेफ कोसात्स्की, यांनी एका माणसाला हातात धरून चालता येईल असा सुरुंगशोधक बनवला आणि 1942 मध्ये इजिप्तमधल्या अल-अलामेनच्या लढाईत तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला.

आजच्या अनेक डिटेक्टरांत तारेच्या वेटोळ्यातून विजेचा झटका सोडून तो एकदम तोडतात. चुंबकीय क्षेत्र अचानक कोसळतं आणि जवळच्या धातूत भोवऱ्यासारखी विद्युतधारा फिरू लागते. ती लगेच विरत नाही, काही मायक्रोसेकंद रेंगाळते आणि आपलं छोटं चुंबकीय क्षेत्र उभं करते. वेटोळं ते ऐकतं आणि सॅपरच्या कानात सूर वाजतो. सगळा खेळ या रेंगाळण्याचा आहे.

आणि नेमकी इथेच दख्खनची माती आड येते. घरी जुना स्पीकर असेल तर त्याचं चुंबक काढा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या पायवाटेच्या धुळीतून हातभर ओढा. उचललंत की पिशवीला काळ्या बारीक कणांची दाढी फुटलेली दिसेल. बोटांनी चिमटलीत तर ते कण एकमेकांना धरून ताठ उभे राहतात, आणि पिशवीतून चुंबक काढताच भुरकन गळून पडतात. हे मुख्यतः मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं चुंबकीय ऑक्साइड. कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्या लाव्हारसातून सह्याद्री घडला, त्या काळ्या पाषाणात ते पहिल्यापासून आहे आणि पाषाण झिजला की मातीत उतरतं. त्यातल्या अतिसूक्ष्म कणांची खोड अशी, की चुंबकीय क्षेत्र तोडल्यावर तेही थोडा वेळ रेंगाळतात. डिटेक्टरला वाटतं धातू आहे. नुसती माती वाजते. म्हणून काम सुरू करण्याआधी यंत्राला तिथलीच स्वच्छ माती 'दाखवतात', तिची कुरकुर वजा करायला लावतात आणि मगच पाऊल टाकतात. पण वीस पावलांवर माती बदलते, आणि संवेदनशीलता कमी केली तर सुरुंगाचा बारीक सूरही त्या कुरकुरीबरोबर जातो.

तो सूर बारीक असतो, कारण सुरुंगात धातूच फार थोडा असतो. एम-14 हा माणसासाठीचा सुरुंग जेमतेम साडेपाच सेंटीमीटर रुंद, प्लास्टिकचा, आत 29 ग्रॅम स्फोटक. मुद्दाम न सापडण्यासाठी बनवलेल्या अशा सुरुंगांना आवर घालायला एका आंतरराष्ट्रीय करारात नियम आला: माणसासाठीच्या सुरुंगातून निदान 8 ग्रॅम लोखंडाच्या गोळ्याइतका तरी सूर यायला हवा. भारत या करारात आहे. सुरुंगांवर पूर्ण बंदी घालणाऱ्या 1997 च्या ओटावा करारावर मात्र भारताची सही नाही. चीन, पाकिस्तान, रशिया आणि अमेरिकेचीही नाही.

डिटेक्टर वाजला की पुढचं काम हातांचं. सॅपर गुडघ्यावर किंवा पोटावर आडवा होतो आणि सळई सुमारे 30 अंशांच्या तिरक्या कोनात मातीत हळूच सारतो. सुरुंगाचा दाबाचा भाग वर असतो. तिरकी सळई त्याच्या कडेला लागते, माथ्याला नाही. मग ब्रशनं आणि छोट्या खुरप्यानं बाजूची माती काढायची. बहुतेक वेळा निघतो खिळा, बाटलीचं झाकण, गोळीची पुंगळी. कंबोडियात 1992 ते 1998 या काळात उकरून काढलेल्या सुमारे 20 कोटी वस्तूंपैकी स्फोटकं होती फक्त 5 लाखांच्या आसपास. एका खऱ्या धोक्यामागे चारशे खोटे इशारे, आणि चारशे वेळा तितकीच सावधगिरी. सुरुंग काढायला दशकं का लागतात, ते या आकड्यात आहे. रणगाड्यापुढे ट्रॉल, म्हणजे सुरुंग फोडणारी किंवा बाजूला सारणारी अवजड जोडणी, लावून लष्कर युद्धात वाट फोडतं, दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेचं त्यात मोठं काम आहे. पण ज्या शेतात उद्या पोरं खेळणार, तिथं एक वाट मोकळी करून भागत नाही.

म्हणून मला आशा वाटते ती धातूऐवजी थेट स्फोटक ओळखणाऱ्या मार्गांची. टांझानियात आफ्रिकन थैलीवाल्या उंदरांना टीएनटीच्या वासावर तयार करतात. वजन किलोच्या आसपास, त्यामुळे सुरुंग फुटत नाही, आणि खिळ्यांकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. टेनिस कोर्टएवढी जागा उंदीर अर्ध्या तासात हुंगून काढतो. डिटेक्टरवाल्या माणसाला त्याला चार दिवसही लागू शकतात. कंबोडियात शंभराहून जास्त स्फोटकं शोधणाऱ्या मगावा नावाच्या उंदराला 2020 मध्ये ब्रिटनमधल्या एका संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. पाषाणच्या एचईएमआरएल या प्रयोगशाळेनं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर 'रेडर-एक्स' नावाचं उपकरण केलं आणि ते 2021 मध्ये पुण्यातच लोकांसमोर आणलं. दोन मीटरपर्यंतच्या अंतरावरून ते 20 प्रकारची स्फोटकं ओळखतं.

आणखी एक वाट मला फार आवडते. पितळी तांब्याला टिचकी मारली की तो आपल्याच सुरात वाजतो. स्फोटकातल्या नायट्रोजनच्या अणुकेंद्रांना ठरावीक रेडिओलहरीनं टिचकी मारली, तर तीही आपल्या सुरात उत्तर देतात, आणि हा सूर प्रत्येक स्फोटकाचा वेगळा. खिळा गप्प, माती गप्प, बोलेल तर स्फोटकच! अडचण अशी, की टीएनटीचे सूर 700 ते 900 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात येतात आणि ते कमालीचे क्षीण असतात. हा पट्टा मध्यम लहरींच्या रेडिओचा. आपलं पुणे आकाशवाणी केंद्र 792 वर आहे. ज्या लहरींवर आपण सकाळच्या बातम्या ऐकत मोठे झालो, त्यांच्या गजरात सुरुंगाची कुजबुज बुडून जाते.

हे सगळं दूरच्या देशांचं वाटायला नको. डिसेंबर 2001 नंतर 'ऑपरेशन पराक्रम'मध्ये आपल्या पश्चिम सीमेवर सुरुंग पेरले गेले, शेतांतही. पेरताना आणि काढताना जवान जखमी झाले, शेतकरीही झाले. पाय गमावलेल्या जवानांना पुन्हा चालतं करणारं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून पुण्यात आहे. त्याच्या समोरच्या रस्त्यानं रोज हजारो दुचाक्या जातात. माझी विनंती आहे, एकदा त्या फाटकाकडे नीट बघा.

आणि गोळीबाराच्या सरावक्षेत्राजवळच्या गावांत कुणी नातेवाईक असतील तर त्यांना एवढं सांगा. शेतात गंजकं नळकांडं दिसलं तर हात लावू नका, उचलू नका, भंगारात विकायला तर मुळीच नेऊ नका. आलेल्या पावलांवरून मागे फिरा, जागा लक्षात ठेवा आणि 112 वर कळवा.

आमच्या गल्लीत त्या दिवशी दुपारी कमानीच्या खुणेवर खड्डा घेतला. वरचा थर टिकावानं फोडला. शेवटचा हातभर भाग मुलानं खुरप्यानंच काढायला लावला. गॅसची लाइन नव्हती, केबलही नव्हती. निघाला चिनीमातीचा जुना सांडपाण्याचा नळ, आत गाळ भरलेला, कुठल्याच नकाशात नसलेला. मुलानं फोटो काढला, खोली मोजून टॅबवर नोंदवली, 82 सेंटीमीटर, आणि गाडी अर्धा मीटर पुढे सरकवली.